मुरुडच्या राजवाड्यातला सामरी

प्रश्न : आमचं गाव आगरदांडा. दिघीला जाणारी फेरीबोट जिथून सुटते, तेच. माझे आजोबा नेहमी सांगतात, की चाळीस वर्षांपूर्वी मुरुडच्या नवाबाच्या राजवाड्यात भुताच्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं, आणि पिक्चरचं नाव होतं ‘पुराना मंदिर’. मी तो मोबाईलवर पाहिला. त्यात तर जागा विजापूरची म्हणून सांगतात! मग आजोबांचं खरं मानायचं का? तो राक्षस झालेला माणूस कोण होता? बाकीच्या नटांचं पुढे काय झालं? आणि शेवटचं, हसू नका, त्या वाड्यात खरंच काही आहे का?
— एक वाचक, आगरदांडा

उत्तर : हसण्यासारखं काहीच नाही. तुमचं पत्र वाचून मी तो सिनेमा पुन्हा लावून बसलो आणि शेवटपर्यंत उठलो नाही.

आजोबांचं खरं आहे. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. त्यातली हवेली म्हणजे मुरुडचा राजवाडा. पुढे १९८९ साली ‘पुरानी हवेली’साठीही रामसे मंडळी इथेच आली. गोष्टीत विजापूर आहे, कारण गोष्टीला राजा हवा, त्याचं दूरचं राज्य हवं, आणि मुंबईच्या पोराबाळांनी गाडी घेऊन तिकडे जायला हवं. मुरुड म्हटलं असतं तर मुंबईच्या प्रेक्षकाला ते शनिवार-रविवारचं ठिकाण वाटलं असतं. भीती वाटायला जागा थोडी अनोळखी लागते.

आता एक गंमत करून बघा. विजापूरला समुद्र नाही आणि आपला राजवाडा तर थेट समुद्रावर बघत उभा आहे. पुन्हा पिक्चर लावाल तेव्हा कुठे पाण्याची एखादी रेघ दिसते का, ते शोधा. कॅमेरा कुठे वळतो आणि कुठे वळायचं टाळतो हे एकदा बघायला लागलात, की सिनेमा कसा करतात ते आपोआप कळायला लागतं. आजोबांनाही सोबत बसवा. कुठली कमान कुठल्या बाजूची, ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर ओळखू येईल.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ज्यांनी पाहिला नाही असेही वाचक आहेत. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंगाच्या राज्यात सामरी नावाचा सैतान माजतो. राजकन्येलाही तो सोडत नाही. राजा त्याला पकडून त्याचं शिर धडावेगळं करतो. धड जुन्या देवळामागे पुरलं जातं, आणि शिर पेटीत बंद होऊन, त्रिशुळाच्या पहाऱ्यात, हवेलीत राहतं. मरता मरता सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. मग आजचा काळ. त्या घराण्यातली सुमन संजयच्या प्रेमात पडते, बाप घाबरतो, शापाची हकीकत सांगतो, आणि पोरं खरं-खोटं करायला हवेलीत येऊन राहतात. पुढे शिर धडाला जाऊन मिळतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

आपल्याकडे भुतांची उणीव कधीच नव्हती. पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा, हडळ, जखीण, देवचार. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, उताराही ठरलेला. सामरी यांतला कुणीच नाही. तो आला बाहेरून. इंग्लंडच्या हॅमर कंपनीनं १९५८ साली क्रिस्टोफर लीला ड्रॅक्युला केलं, त्या रंगीत भयपटांची हवा रामसेंना लागली होती. शिर एकीकडे आणि धड एकीकडे पुरलेला सैतान स्पेनच्या पॉल नॅशीनं १९७३ च्या एका सिनेमात आणलाच होता. रामसेंनी तिकडच्या क्रॉसच्या जागी त्रिशूळ ठेवला, सरदारांच्या किल्ल्याच्या जागी ठाकुराची हवेली ठेवली, मध्ये गाणी घातली. हा बदल मी कमी लेखत नाही. त्रिशूळ दिसला की खेड्यातल्या तंबूत बसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं, की आता सैतान मागे हटणार.

रामसे हे नाव ऐकून पुष्कळांना ते गोरे वाटतात. मूळ आडनाव रामसिंघानी, घराणं सिंधी. वडील फतेहचंद, म्हणजे एफ. यू. रामसे, यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेला रामसिंघानी झेपेना, म्हणून रामसे. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा रेडिओचं दुकान थाटलं. वडिलांना सिनेमाचा नाद. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयाण मुखवटा घालून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठी थिएटरात येत होते. तुलसी आणि श्याम यांनी हे प्रेक्षकांत बसून पाहिलं आणि वडिलांकडे हट्ट धरला : हेच करू या, अख्ख्या सिनेमाभर.

सात भाऊ होते : कुमार, तुलसी, श्याम, केशू, अर्जुन, गंगू, किरण. वडिलांनी त्यांना सिनेमाच्या शाळेत घातलं नाही. छायाचित्रणावरचं जोसेफ मास्केलीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, पोरांना काश्मीरला हाऊसबोटीत नेऊन बसवलं आणि ते पुस्तक गिरवून घेतलं. कुमार लिहायचा, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनी बघायचा, अर्जुन संकलन, तुलसी-श्याम दिग्दर्शन. बाहेरच्या माणसाला पगार द्यायची वेळ शक्यतो येऊच द्यायची नाही, हा हिशेब. पहिला पूर्ण भयपट ‘दो गज जमीन के नीचे’, १९७२. तो आपल्या महाबळेश्वरात झाला. सरकारी विश्रामगृहातल्या खोल्या घेतल्या, सगळं युनिट बसनं वर गेलं, घरातल्या बायकांनी स्वयंपाक सांभाळला. रामसे बंधू सांगायचे त्याप्रमाणे चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांत सिनेमा तयार. हिरो म्हणून सुरेंद्रकुमार उभा केला होता.

हे इतकं सांगतोय कारण मुरुडला ही मंडळी का आली, याचं उत्तर यातच आहे. मुंबईच्या स्टुडिओत हवेलीचा सेट लावायचा म्हणजे सुतार, रंगारी, प्लास्टर, आणि प्रत्येक दिवसाचं भाडं. मुरुडला जिने आहेत, कमानी आहेत, उंच छत आहे, आणि खाऱ्या वाऱ्यानं भिंतींवर शंभर वर्षं जे काम केलंय ते कुठल्याही रंगाऱ्याला जमणारं नाही. मुंबईहून रस्त्यानं एका दिवसात पोचता येतं. त्या काळी हिंदी सिनेमाचे संवाद नंतर स्टुडिओतच भरायचे, त्यामुळे समुद्राची गाज, कावळे, जनरेटर, कशाचीच अडचण नाही. गंगू रामसेनं मग त्या भिंतींवर लाल, निळा, हिरवा उजेड सोडला. अंधाराला त्यानं रंग दिला, आणि त्यामुळेच रामसेंची चौकट कुठेही चुकून दिसली तरी ओळखू येते. पुढे ‘तुंबाड’ करणाऱ्यांनीही सासवडच्या पुरंदरे वाड्याचा आसरा घेतला. जुनी वास्तू स्वतःच काम करते. ‘पुराना मंदिर’मध्ये सगळ्यात भारी काम कुणाचं, असं मला विचाराल तर मी राजवाड्याचं नाव आधी घेईन. आणि त्याला स्वतःची ओळखसुद्धा गोष्टीनं दिली नाही. परस्पर विजापूरला पाठवून दिलं. तुमच्या आजोबांना ते टोचत असेल तर त्यांचं बरोबर आहे.

आता माणसं.

सामरी झालेला माणूस म्हणजे अनिरुद्ध अगरवाल. पडद्यावर नाव अजय अगरवाल असं यायचं. डेहराडूनकडचा, रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला इंजिनिअर! सव्वासहा फुटांच्या वर उंची, लांबट हाडाळ चेहरा, खोल डोळे. रामसेंनी बघितल्याबरोबर ओळखलं, की याला फारसं रंगवायची गरज नाही. सामरीचे डोळे लाल होतात आणि तो पावलं टाकत कॅमेऱ्याकडे यायला लागतो, तेव्हा नीट बघा. तो धावत नाही. हात पसरून ओरडत नाही. एवढा मोठा देह, आणि चाल मात्र एखाद्या माणसानं स्वतःच्या घरात चालावं तशी सावकाश. ती चाल मी वयाच्या बाराव्या वर्षी पाहिली. गल्लीत कुणीतरी रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्यानं आणला होता, तीन कॅसेटी होत्या, आणि ‘पुराना मंदिर’ दुसरी. सामरी जिन्याकडे वळला आणि वीज गेली. पंचवीस-तीस माणसं खोलीत होती. मेणबत्ती सापडेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या बारीक वाजत होत्या. वीज आल्यावर सगळे एकदम हसले.

सामरी एवढा गाजला, की पुढच्याच वर्षी ‘थ्री-डी सामरी’ निघाला, पण तिथला सामरी वेगळा, सूड घ्यायला परतणारा. १९९० च्या ‘बंद दरवाजा’त अगरवाल नेवला झाला, वटवाघळाच्या जातीचा रक्तपिपासू. रामसेंच्या बाहेर त्याला दोन चांगल्या जागा मिळाल्या, दोन्ही १९९४ साली पडद्यावर आल्या : शेखर कपूरच्या ‘बँडिट क्वीन’मधला बाबू गुज्जर, आणि हॉलिवूडच्या ‘जंगल बुक’मधला तबाकी. ‘बँडिट क्वीन’ बघताना मला सामरीपेक्षा जास्त भीती वाटली. तिथे चेहऱ्यावर कसलाही रंग नाही, गोष्ट खरी आहे, आणि तो बाबू गुज्जर कुठल्याही गावात असू शकतो. एवढा ऐवज असलेल्या माणसाला हिंदी सिनेमानं आणखी काही करायला दिलं असतं तर काय झालं असतं, ही रुखरुख मला आहे.

संजय म्हणजे मोहनीश बहल. हा नूतनचा मुलगा, आणि म्हणून शोभना समर्थ यांचा नातू. १९४३ च्या ‘रामराज्य’मध्ये सीता झालेल्या आजीचा नातू चाळीस वर्षांनी सामरीसमोर त्रिशूळ घेऊन उभा राहतो, हे मला फार विलक्षण वाटतं. मोहनीशचे आधीचे सिनेमे चालले नव्हते. हा चालला, पण भयपटातल्या हिरोला मोठ्या बॅनरवाले आपला मानत नसत. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’त खलनायक होऊन त्यानं पुन्हा सुरुवात केली तेव्हा कुठे जग त्याला ओळखू लागलं.

त्याचा दोस्त आनंद झालाय पुनीत इस्सर. १९८२ साली बेंगळुरूला ‘कुली’च्या मारामारीत अमिताभ बच्चनना जी जीवघेणी दुखापत झाली, तो ठोसा पुनीतचा. अपघातच होता. बच्चननी स्वतः त्याला धीर दिला. पण देशभर नवस-प्रार्थना चाललेल्या, आणि हा माणूस सगळ्यांच्या नजरेत गुन्हेगार. हातातली कामं गेली, हे त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलंय. अशा वेळी रामसेंनी त्याला उभं केलं, तेही जीव लावणारा मित्र म्हणून. चार वर्षांनी ‘महाभारत’ सुरू झालं आणि दर रविवारी सकाळी सगळा देश त्याचा दुर्योधन बघायला लागला. मुरुडच्या त्या दिवसांत त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार केल्याशिवाय मला आता आनंदचे प्रसंग बघता येत नाहीत.

ठाकूर रणवीरसिंग म्हणजे प्रदीपकुमार. ‘अनारकली’, ‘नागिन’, ‘ताजमहल’ यांचा नायक, शहाजादा सलीम आणि शाहजहान होऊन गेलेला माणूस. सूर्य कलला होता. पण तो ज्या गांभीर्यानं शापाची हकीकत सांगतो, ते ऐका. बजेट कमी म्हणून त्यानं शब्द कमी तोलले नाहीत. मुलीच्या काळजीनं खचलेला बाप तो शेवटपर्यंत खरा वाटतो.

आणि आपले सदाशिव अमरापूरकर. इथे त्यांच्या वाट्याला नावातच सगळं सांगून टाकणारा दुर्जन आला. अमरापूरकर नगरचे, मराठी रंगभूमीवर घडलेले. ‘हँड्स अप’ नाटकातलं काम बघून गोविंद निहलानींनी त्यांना ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी दिला. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. १९८३ साली तो सिनेमा आला आणि हळू आवाजात बोलणारा तो रामा शेट्टी बघून लोक हबकले. त्याच्या पुढच्याच वर्षी हे. एवढ्या मोठ्या कामानंतर इथे का, असं कुणी विचारतं तेव्हा मला वाईट वाटतं. नटाला चूल असते, आणि ‘अर्धसत्य’ काही दरवर्षी होत नाही. दुर्जनच्या डोळ्यांत त्यांनी जो थंडपणा आणलाय तो नाटकवाल्याचाच आहे, कुठूनही ओळखता येतो.

आरती गुप्ता सुमन झाली. ती नंतर ‘तहखाना’तही दिसली, आणि लग्नानंतर अभिनयातून बाजूला झाली. जगदीपनं मच्छरसिंग डाकू होऊन ‘शोले’ची नक्कल केली. तो भाग आज लांबतो. मी पुढे ढकलला, तुम्हीही ढकला.

आता शेवटचा प्रश्न. वाड्यात काही आहे का?

आहे. एका घराण्याची आठवण आहे. हा राजवाडा जंजिऱ्याच्या सिद्दी अहमदखान नवाबांनी बांधला. १८७९ ते १९२२ हा त्यांचा काळ. त्यांच्या बेगम नाझली या फैझी घराण्यातल्या. त्यांच्या बहिणी जोहरा आणि अतिया. १९०८ साली नाझली बेगम नवाबांबरोबर युरोपला गेल्या, अतियाही सोबत होत्या, आणि परतल्यावर बेगमनी उर्दूत प्रवासवर्णन लिहून छापलं, ‘सैर-ए-यूरोप’. त्या काळी, जंजिऱ्याच्या राणीनं! त्यांना मूल नव्हतं. वारसाच्या प्रश्नावरून पुढे नवाब आणि त्या वेगळे झाले. सिनेमातल्या घराण्यात बायकांना मूल होताना मरण येतं, आणि खऱ्या घराण्यात मूल नाही म्हणून एका कर्तबगार बाईला संसार सोडावा लागला. पटकथा लिहिणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. मला मात्र ‘पुराना मंदिर’ बघताना दर वेळी नाझली बेगम आठवतात, आणि शापाची भीती न वाटता वेगळंच काही वाटतं.

भूतबीत काही नाही. सिनेमाचा परिणाम एवढाच झालाय, की पोरं मोबाईल घेऊन रात्री फाटकाशी घुटमळतात. ती खासगी मालमत्ता आहे, कुणाचं तरी घर आहे. भिंतीवरून चढू नका, राखणदाराला त्रास देऊ नका. बघायचाच असेल तर आगरदांड्याहून मुरुड गाव ओलांडून अलिबागच्या रस्त्याला लागा, वळणावर उजेडात थांबा आणि बाहेरून बघा. मी मागे गेलो तेव्हा दिवस कलत आला होता. कमानींवर पिवळं ऊन होतं, खाली किनाऱ्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, समुद्रात पद्मदुर्ग काळा दिसायला लागला होता. बराच वेळ उभा राहिलो. ऊन उतरत उतरत सगळ्यात वरच्या खिडकीवरून गेलं आणि वाडा एकदम करडा झाला, तेव्हा गंगू रामसेनं हिरवा-निळा दिवा नेमका का लावला असेल ते माझ्या ध्यानात आलं.

तुम्हाला एक काम सांगतो. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ ला, गंगू २०२४ ला. त्या शूटिंगच्या मुरुडकडच्या आठवणी आता आजोबांसारख्यांकडेच उरल्यात. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. युनिट कुठे उतरलं होतं, जेवण कोण पुरवायचं, मासळी कुठून जायची, दिव्यांसाठी जनरेटर कुठे ठेवला होता, गर्दीत उभं राहायला गावातलं कोण कोण गेलं होतं, सामरीला त्यांनी रंग उतरवून चहा पिताना पाहिलं का. जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या एखाद्या अंकात या पानावर ते छापू.